शकुअक्कांचे पाच ड्रम

माणसाला वाघाची भीती वाटते, विंचवाची वाटते, सासुरवाडीहून भरदुपारी आलेल्या फोनची वाटते. मला कोथिंबिरीची भीती घातली ती शकुअक्का हुद्दार यांनी, आणि तीही चालत्या लिफ्टमध्ये.

पुण्याहून बदली होऊन मी नुकताच बंगळूरच्या सर्जापूर रोडवरच्या या सोसायटीत राहायला आलो होतो. हातात भाजीची पिशवी, पिशवीतून डोकावणारी कोथिंबिरीची जुडी. लिफ्टमध्ये एक काटकुळ्या बाई उभ्या होत्या. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, चष्मा सुतळीनं गळ्यात अडकवलेला. त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं, जुडीकडे होतं.

"कधी कापली?"

"काय?"

"कोथिंबीर."

"माहीत नाही हो. आत्ताच कोपऱ्यावरून घेतली."

"तिला अजून कळलेलं नाही," त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या.

"काय कळलेलं नाही?"

"आपल्याला मुळं नाहीत हे. पानापानाची तोंडं उघडी आहेत अजून. पाणी बाहेर सोडताहेत, खालून येईल या भरवशावर." लिफ्ट पहिल्या मजल्यावर थांबली. दार उघडलं. बाहेर पाऊल टाकून त्या वळल्या. "खालून काही येणार नाही," म्हणाल्या, आणि दार बंद झालं.

त्या दिवशी आमच्या पोह्यांवर कोथिंबीर पडली नाही. बायकोनं कारण विचारलं. मी सांगितलं. मग पुढचे दोन दिवसही पडली नाही.

अक्कांची शिकवण्याची हीच रीत होती. समजावून सांगण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "समजलेलं माणूस विसरतं," त्या म्हणत, "घाबरलेलं विसरत नाही." आणि घाबरवायला त्यांना भूतखेत लागत नसे. एक पान पुरे. पान उलटं करून ते तुमच्या नाकासमोर धरायचं आणि म्हणायचं, "इथे हजारो तोंडं आहेत. तुम्हाला दिसत नाहीत, पण उघडी आहेत. हवा आत घ्यायची तर तोंड उघडावं लागतं, आणि उघडलं की पाणी बाहेर जातं. उघडलं तर तहान, मिटलं तर उपास. सकाळपासून संध्याकाळपर्यंत प्रत्येक पानाचं हेच चाललेलं असतं. आणि तुम्ही म्हणता, झाड नुसतं उभं आहे!"

शहात्तर वर्षांच्या होत्या. जन्म बंगळूरच्याच राजाजीनगरचा, त्यामुळे मराठीत कानडी 'सरी', म्हणजे ठीक, आणि 'स्वल्प', म्हणजे जरा, असे मिसळलेले की वेगळे काढता येऊ नयेत. लग्न केलं नव्हतं. एका सरकारी संशोधन केंद्रात त्या तीस वर्षं सहायक होत्या, आणि तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं, कुंड्यांची वजनं. कुंडीतली माती वरून प्लास्टिकनं गच्च बांधायची, म्हणजे पाणी बाहेर पडलं तर ते फक्त पानांतूनच. सूर्य उगवताना वजन, मावळताना वजन. मधल्या वेळात जे घटलं ते झाडानं हवेत सोडलं. एवढंच. पण एक वेळ चुकली की आठवड्याची सगळी मेहनत पाण्यात. म्हणून सख्ख्या भावाच्या लग्नात बाई मुहूर्ताच्या आधी शालू नेसून केंद्राच्या शेतावर गेल्या, साठ कुंड्या उचलल्या, आणि अक्षता टाकायला आल्या तेव्हा शालूच्या निऱ्यांना चिखल होता. भाऊ वर्षभर बोलला नाही. "बोलला नाही तर नाही," अक्का म्हणत. "कुंड्या बोलल्या ना!"

त्या काळात एक तरुण शास्त्रज्ञ त्यांना म्हणाला होता, अक्का, उद्या बंद आहे, बस मिळायची नाही, आजचाच आकडा थोडा कमी करून लिहून टाका, कुणाला कळतंय. अक्का दुसऱ्या दिवशी यशवंतपूरपासून चालत गेल्या. न मोजलेला आकडा तोंडातून काढायचा नाही, हे त्यांचं एकमेव सोवळं होतं. ते मी मोडलं. त्याच्याकडे येतोच.

सोसायटीत त्या माणसांना त्यांच्या घरच्या झाडाच्या नावानं हाक मारत. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणजे "जास्वंद", समोरचे गृहस्थ "मनीप्लँट". माझ्या गॅलरीत एक मरणोन्मुख तुळस होती, म्हणून मी, सहा फुटांचा, नव्वद किलोंचा, मिशीवाला इसम, "तुळशी". आठवड्यातून एकदा ताणकाटा घेऊन दारात उभ्या. "तुळशी, कुंडी आण." काट्याला कुंडी अडकवायची, वजन बघायचं आणि निकाल द्यायचा: "तू हिला तहानेनं मारत नाहीयेस, बुडवून मारतोयस." सोसायटीचे अध्यक्ष सरपोतदार, आमचेच पुण्याचे, सॉफ्टवेअरमध्ये मोठे साहेब. त्यांच्या दाराशी प्लास्टिकचं फर्न होतं. त्यांना अक्का कुठल्याच नावानं हाक मारत नसत.

हा फ्लॅट अक्कांनी घेतला त्याचीही गंमत आहे. निवृत्तीनंतर दलाल त्यांना इथे घेऊन आला, हॉल दाखवायला लागला, मॉड्युलर किचन दाखवायला लागला. अक्का खालीच थांबल्या होत्या. इमारतीला लागून एक जुनं होंगेचं झाड आहे, आपण करंज म्हणतो तो. इथे शेत होतं तेव्हापासूनचं. मार्चमध्ये सगळं बंगळूर धुळीनं माखलेलं असताना हे झाड असं पोपटी पालवतं की डोळे दुखावेत. अक्कांनी खोडावर हात ठेवला, वर बघितलं आणि म्हणाल्या, "सरी." दलालाला वाटलं, बाई अजून विचार करताहेत. बाईंनी घर घेतलं होतं.

एका सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर त्यांनी आम्हा सगळ्यांना त्या खोडाला कान लावायला लावले. "ऐका. प्रत्येक पानापासून मुळापर्यंत पाण्याचा एक सलग दोरा आहे. वर पान पाणी सोडतं, म्हणून दोरा वर ओढला जातो. पंप नाही, मोटर नाही. नुसती ओढ. उन्हाळ्यात खालचं पाणी कमी झालं की दोरा ताणतो, ताणतो... आणि तुटतो. आत हवेचा बुडबुडा शिरतो. टक्. आमच्याकडे यंत्र होतं, खोडाला लावलं की ते आवाज पकडायचं. एकदा आम्ही एका रोपाला पाणीच दिलं नाही. सकाळी एखादा टक्. दुपारी टक्, टक्. चौथ्या दिवशी तर यंत्र थांबेचना. मी खोलीतून बाहेर पळाले."

सगळे कान लावून उभे. माणसाच्या कानाला तो आवाज ऐकू येत नाही हे अक्कांनी मुद्दामच सांगितलं नव्हतं. जास्वंदबाईंना ऐकू आला. सरपोतदार हसत म्हणाले, "अक्का, म्हणजे टेक्निकली पान हा लीकेज पॉइंटच की!"

तेव्हा आम्ही सगळेच हसलो.

आता माझं पाप. पाडव्याला सोसायटीतल्या मराठी मंडळींचा कार्यक्रम असतो, आणि माइक हातात दिला की मी तो सोडत नाही, म्हणून निवेदन माझ्याकडे. त्या वर्षी मी अक्कांना बोलायला बसवलं. विषय होंगेचं झाड. आदल्या दिवशी त्यांनी भाषण म्हणून दाखवलं. छान होतं, पण मधे म्हणाल्या, "असं मोठं झाड दिवसाला बरंच पाणी हवेत सोडतं."

"अक्का, 'बरंच' म्हटलं की लोक जांभया देतात. आकडा द्या!"

"मोजलेलं नाही रे."

"अहो, अंदाज! कोण काटा लावणार आहे? आणि आकडा असा द्या की खुर्चीतून उठले पाहिजेत लोक."

त्यांनी चष्मा डोळ्यांवरून काढून गळ्यात सोडला. मला वाटलं, बाई ऐकणार नाहीत.

पण स्टेज ही वाईट जागा आहे, हे मी अनुभवानं सांगतो. समोर शंभर माणसं, तोंडावर दिवे. आयुष्यभर साठ कुंड्यांपुढे वाकलेली ती बाई भाषणाच्या मध्यावर एकदम थांबली, एक हात वर केला, आणि म्हणाली, "पाच ड्रम! हे निळे मोठे ड्रम असतात ना, तसले पाच. रोज. तुमच्या खिडकीबाहेर रोज पाच ड्रम पाणी आवाज न करता आभाळात जातं!"

सभागृहातून एक 'हाऽऽ' उठला. मग टाळ्या. अक्कांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता. आणि पडद्याआडून सगळ्यात जोरात टाळ्या वाजवणारा मी होतो.

पंधरा दिवसांनी आमची बोअर आटली.

त्या उन्हाळ्यात नुसती आमचीच नव्हे, आजूबाजूच्या सगळ्यांच्याच बोअर आटत होत्या. पण आपल्या नळातून पाण्याऐवजी ती सुस्काऱ्यासारखी हवा आली की माणसाच्या पोटात जे होतं ते आकडेवारीनं कमी होत नाही. सकाळी एक तास पाणी. टँकर सांगितला तर दोन दिवसांनी येणार, येईल तेव्हा येणार. टँकरचा हॉर्न ऐकू आला की लोक गॅलरीत धावायचे. चांगली शिकलीसवरलेली माणसं एकमेकांच्या बादल्यांकडे संशयानं बघायला लागली. कोणी गाडी धुतली, कोणी दोनदा आंघोळ केली, यावर पाळत. मी स्वतः मनीप्लँटच्या बाथरूमचा आवाज भिंतीला कान लावून ऐकलेला आहे.

भ्यालेल्या माणसांना चोर हवा असतो. तो आमच्याकडे तयार होता. त्याचं नाव, पत्ता आणि चोरीचं प्रमाणही भर सभेत जाहीर झालेलं होतं.

सोसायटीच्या ग्रुपवर सरपोतदारांनी रंगीत तक्ता टाकला. 'रोज पाच ड्रम, महिन्याला दीडशे. सोर्स: हुद्दार मॅडम, माजी शासकीय संशोधन.' उपायही होता. झाड तोडायला परवानगी लागते, म्हणून तोडायचं नाही. फक्त पानं काढायची. झाडून सगळी. पान नाही तर लीकेज नाही. रविवारी सभा, सोमवारी सकाळी छाटणीवाले. खाली चाळीस अंगठे.

गुरुवारी पहाटेच दारावरची बेल वाजली. अक्का. हातात ताणकाटा नव्हता. आत आल्या, बसल्या, पाणी दिलं तर नको म्हणाल्या. दोन्ही हात त्यांनी मांडीखाली दाबून धरले.

"तुळशी, मी झाड मारलं रे."

"अहो अक्का, आपण सांगू त्यांना, समजावू..."

"काय सांगू? एप्रिलच्या उन्हात सगळी पानं ओरबाडली की साल भाजते. जेवण तयार करणारं कोणी उरत नाही. साठवलेलं खाऊन ते घाईघाईनं नवी पानं काढणार, तीही याच उन्हात. म्हातारं झाड आहे. आणि हे कशामुळे? मी न मोजता बोलले म्हणून." मग त्यांनी सरळ माझ्याकडे बघितलं. मी जे सुचवलं होतं त्याबद्दल त्या काही बोलतील असं वाटलं. बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "शिडी आहे का तुझ्याकडे?"

त्या तीन दिवसांत मी शिडी धरण्यापलीकडे काही केलं नाही. वर चढे मुनियप्पा, आमचा माळी. पारदर्शक पिशव्या होंगेच्या डहाळ्यांवर चढवायच्या, तोंड दोऱ्यानं घट्ट बांधायचं, बरोबर एक तास ठेवायच्या. पान जे पाणी सोडतं ते पिशवीच्या आतून थेंबाथेंबानं जमतं. ते खाली आणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायचं, डहाळीची पानं मोजायची, आणि मग झाडावर अशा डहाळ्या किती याचा हिशेब. अक्का खाली उभ्या राहून एकेका फांदीकडे बोट करून मोजत. मान वर करून करून त्यांना चक्कर यायची, मग मोजणी पहिल्यापासून.

"अक्का," मी पहिल्याच दिवशी विचारलं, "आणि पाच ड्रमांपेक्षा जास्त निघालं तर?"

त्यांनी हातातल्या पिशवीची गाठ पुन्हा आवळली.

"तर जास्त सांगायचं," त्या म्हणाल्या. पण काट्याकडे बघणं त्यांनी टाळलं, आणि मला कळलं की या बाईला या क्षणी जगात सगळ्यात जास्त भीती स्वतःच्या काट्याची वाटते आहे.

सकाळच्या पिशव्या थबथबल्या. अक्कांचा चेहरा पांढरा पडला. आता दुपार. ऊन चढलं की पाणी वाढणार, हे मलाही समजत होतं. बाराला पिशव्या बांधल्या, एक वाजता मुनियप्पानं पहिली सोडून खाली दिली. तिच्या कोपऱ्यात चमचाभर पाणी होतं.

"इष्टेना अक्का?" त्यानं वरून विचारलं. एवढंच?

दुसरी. तिसरी. सगळ्या तशाच. मी आनंदानं जवळजवळ उडीच मारली. "वाचलं! अक्का, वाचलं की झाड!"

अक्का पिशवी उन्हात धरून बघत होत्या. "वाचलं काय म्हणतोस? तोंड मिटलंय त्यानं. भर दुपारी, इतकी लवकर. खाली पाणीच नाहीये, म्हणून उपाशी राहतंय ते." त्यांनी खोडावर हात ठेवला. "तुमच्याआधी याला कळलंय पाणी संपल्याचं. तुम्ही टँकर मागवला. यानं काय करायचं?"

तिन्ही दिवसांचा मेळ शनिवारी संध्याकाळी लागला. एक ड्रमसुद्धा भरत नव्हता. पाऊण.

रविवारची सभा पार्किंगमध्ये झाली. अक्का उभ्या राहिल्या. भाषण नाही, हात वर करणं नाही. "पाडव्याला मी पाच ड्रम म्हणाले. ते खोटं होतं. मी मोजलं नव्हतं. आता मोजलंय. पाऊण ड्रम."

 मग सरपोतदार उठले. ते वाईट गृहस्थ नव्हेत, पण त्यांच्या घरी म्हातारी आई, दोन मुलं, आणि त्या सकाळी नळ कोरडा. "अक्का, पाडव्याला पाच होते, आज पाऊण आहे. पुढच्या रविवारी किती असतील?"

लोक हसले. ते हसणं पाडव्याच्या टाळ्यांपेक्षा जोरात होतं. मी त्या वेळी उठून म्हणायला हवं होतं की बाबांनो, तो आकडा या बाईंचा नव्हे, माझा. शंभर माणसांसमोर तासन्‌तास बोलणारा मी, मला तेव्हा चार शब्द जमले नाहीत. अक्कांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"हाही अंदाजच आहे," त्या पुढे म्हणाल्या. मी कपाळाला हात लावला. "पिशवीत दमट होतं, तिथे पान थोडं कमी पाणी सोडतं. खरा आकडा याहून मोठा असेल. पण पाच नाही. आणि तुम्ही गळती म्हणताय ती गळती नाही. बाहेर जातं म्हणूनच पाणी खालून वर चढतं, त्यातूनच मातीतलं मीठ-खत वर जातं. पानं काढली तर पाणी वाचून तुमच्या टाकीत येणार नाही. ते वरच्या मातीतलं आहे. तुमची बोअर किती खोल आहे, मुनियप्पाला विचारा."

"हजार फूट," मुनियप्पा मागून म्हणाला.

"आणि ते पाणी सोडतं म्हणून त्याच्याखाली गारवा आहे. उद्या दुपारी पत्र्याच्या शेडखाली पाच मिनिटं उभे राहा, मग होंगेखाली उभे राहा. सावली दोन्हीकडे आहे."

"पण अक्का, रस्ता रुंद करताना झाडं हलवतात तेव्हा पानं काढतातच ना? जगतात ती!" मनीप्लँट म्हणाले.

"तिथे मुळं कापलेली असतात. प्यायला तोंडच नाही, म्हणून सोडणं कमी करतात. याची मुळं शाबूत आहेत, अण्णा. याला हात लावू नका. हवं तर माझ्या घरचं पाणी बंद करा."

कुजबुज झाली. काही माना हलल्या. मला वाटलं, जिंकलो. आणि तेवढ्यात कोणीतरी, कोण ते मला आजही माहीत नाही, मधला मार्ग सुचवला. अर्धं झाड. दक्षिणेकडच्या बाजूची पानं काढायची, उत्तरेची ठेवायची. महिनाभर बघायचं, पाण्यात फरक पडतो का.

"पायलट!" सरपोतदार खूश झाले. "पायलट करू."

सॉफ्टवेअरच्या माणसांना याहून प्रिय शब्द नाही. हात वर झाले. पटापट.

सोमवारी सकाळी मी गॅलरीचं दार लावून घेतलं, तरी करवतीचा आवाज येत होता. अक्का खाली उभ्या होत्या, अगदी जवळ, हलायला तयार नाहीत. छाटणीवाला वरून ओरडत होता, "अक्का, सरका, सरका." पोपटी डहाळ्या त्यांच्या आजूबाजूला पडत होत्या. दुपारपर्यंत झाडाची एक बाजू भरगच्च, दुसऱ्या बाजूला नुसती हाडं. त्या हाडांवर ऊन सरळ उतरत होतं.

पाण्यात काही फरक पडला नाही. फरक दुसरीकडे पडला. दक्षिणेच्या बाजूला ज्यांच्या खिडक्या होत्या, त्यांची घरं चौथ्या दिवसापासून तापली. दुसऱ्या मजल्यावरच्या सरपोतदारांच्या भिंतीला दुपारी हात लावता येईना. त्यांच्या आईला घेरी आली. त्या संध्याकाळी ते अक्कांच्या दाराशी आले तेव्हा मी तिथेच होतो. मला वाटलं, आता अक्का सोडणार नाहीत. मी तर खुर्ची जरा पुढे ओढून बसलो होतो.

"अक्का, घरात बसवत नाही हो. आईला... काय करू?"

"आईला इकडे आणून सोडा. माझ्याकडे गार आहे," अक्का म्हणाल्या. "आणि चुना आणा. दोन बादल्या."

"चुना?"

"फांद्यांना लावायचा. साल भाजतेय त्यांची."

सरपोतदारांनी चुना आणला. शनिवारी सकाळी मुनियप्पा आणि ते, दोघं मिळून उघड्या फांद्यांना पांढरा हात देत होते. मोठे साहेब शिडीवर, चुन्यानं कोपरापर्यंत माखलेले, आणि अक्का खालून, "तिथे राहिलं, स्वल्प डावीकडे, अहो डावीकडे!" उरलेल्या अर्ध्याचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

तिसऱ्या आठवड्यात पांढऱ्या फांद्यांवर फुटवे आले. बारीक, तांबूस, ओले. सगळी सोसायटी खाली जमली. जास्वंदबाईंनी पेढे वाटले. अक्का पेढा हातात धरून उभ्या होत्या.

"खा ना अक्का! जगलं झाड!"

त्यांनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की मला दुखलं. "ही कोवळी पानं आहेत, तुळशी. यांना अजून नीट तोंड मिटता येत नाही. पाऊस महिनाभर तरी नाही. यांना पाणी कोण देणार?"

मी सगळ्या गोष्टींवर काहीतरी बोलू शकतो. त्या दिवशी मी हातातला पेढा खिशात टाकला.

मेच्या शेवटी राजाजीनगरहून त्यांची भाची आली आणि त्यांना घेऊन गेली. उन्हानं त्यांचं रक्तदाब-बिब सगळं बिघडलं होतं. तिथेच, आषाढात, त्या गेल्या. झाड आहे. एका अंगानं झुकलेलं, दक्षिणेकडे दोन फांद्या कायमच्या वाळलेल्या, पण आहे. त्याला बघायला तुम्ही कधीही या.

पण अक्का मला आठवतात त्या भाची यायच्या आदल्या दिवशीच्या. दुपारचा एक वाजला असेल. कपडे काढायला मी गॅलरीत आलो आणि खाली बघितलं. पार्किंगमध्ये माणूस नव्हतं, कुत्रंसुद्धा नव्हतं. होंगेच्या खोडाशी एक काळी छत्री उघडलेली दिसत होती. वाटलं, अक्का उन्हातून झाड बघायला आल्यात. मग नीट पाहिलं. छत्री त्यांच्या डोक्यावर नव्हतीच. दोन्ही हात लांब करून, टाचा उचलून, ती त्यांनी सगळ्यात खालच्या फांदीवरच्या फुटव्यांवर धरली होती. छत्री डुलत होती, त्याबरोबर सावली हलत होती. सावली पानांवरून सरकली की त्या अर्धं पाऊल पुढे व्हायच्या आणि ती पुन्हा पानांवर आणायच्या. त्या स्वतः डोक्यापासून पायापर्यंत उन्हात होत्या.

मी वरून हाक मारली. त्यांनी वर पाहिलं नाही.